हद्दीबाहेरचा खून



आमच्या घोटीच्या गटात महिन्यातून एकदा बायका जमतात. काम संपलं की गप्पा होतात. मागच्या वेळी कॉलेजात शिकणारी एक मुलगी तिने पाहिलेली रहस्यकथा सांगत होती. कथा अमेरिकेतली, १९३० नंतरच्या काळातली. स्विंग नावाचं नाचाचं संगीत तेव्हा तिकडे फार जोरात होतं. पितळी वाद्यांचा मोठा ताफा, पुढे एक गाणारी बाई, आणि सगळे बसमधून गावोगाव हिंडणारे. तर अशा एका ताफ्यातली गाणारी एका रात्री हॉटेलच्या खोलीत मेलेली सापडते. तुतारीवाल्यावर संशय, मालकावर संशय, तालवाल्यावर संशय. मुलीने इतकं रंगवून सांगितलं की शेंगा फोडणाऱ्या हातांना विसर पडला. शेवटी खुनी सापडला. तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यांत वडील आक्का म्हणाल्या, "ते झालं. पण मेली ती कोण होती? तिचं गाव कुठलं? तिच्यामागे कोणी होतं का?"

मुलीला ते सांगता येईना. कथेत ते नव्हतंच.

मग तिने मला विचारलं, "ताई, आपल्याकडे असं काही घडलंय का?" मी दाराबाहेर बोट केलं. समोर मुंबई-आग्रा रस्ता आहे. हा रस्ता कसारा घाट चढून इगतपुरीला येतो, घोटीवरून नाशिकला जातो, पुढे धुळे, आणि मग सेंधव्यावरून इंदूर. मी म्हटलं, "या रस्त्याच्या एका टोकाला एक खून झाला. तो सगळ्या जगाला माहीत आहे. दुसऱ्या टोकाला आणखी एक मृत्यू झाला, त्याला खून म्हणायला कोणी तयार झालं नाही." त्या दिवशी अर्धंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहिते आहे, कारण हे प्रकरण आपल्या कामाचं आहे असं मला वाटतं.

पहिला खून सर्वांना माहीत असलेला. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ, मुंबईची मलबार हिल. अब्दुल कादर बावला हा पंचविशीतला श्रीमंत व्यापारी मोटारीतून फिरायला निघाला होता. सोबत त्याचा व्यवस्थापक आणि मुमताज बेगम. मागून एक लाल मॅक्सवेल गाडी आली आणि आडवी झाली. उतरलेली माणसं म्हणाली, बाईला आमच्या हवाली करा. बावलाने नकार दिला, त्याला गोळ्या घातल्या. मुमताजला ओढून काढताना तिच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार केले. एवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले. त्यांच्यातल्या लेफ्टनंट सेगर्टने गोल्फच्या काठीने हल्लेखोरांना झोडपलं, स्वतःही गोळी खाल्ली. त्यामुळे मुमताज वाचली आणि हल्लेखोरांपैकी काहीजण जागीच पकडले गेले. बावला मेला.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे चालला. सरकारकडून ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा, आणि आरोपींपैकी इंदूरचे सरदार आनंदराव फणसे यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना. एकूण नऊ आरोपी. तिघांना फाशीची शिक्षा झाली, आणखी काहींना जन्मठेप. आरोपी इंदूर संस्थानशी संबंधित, आणि मुमताज ही इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या पदरी असलेली गाणारी-नाचणारी. न्यायमूर्तींनी निकालात सुचवलं की या हल्ल्यामागे आणखी माणसं आहेत, त्यांची नावं नेमकेपणाने सांगता येत नाहीत. पण दहा वर्षं इंदूरच्या महाराजांपाशी राहिलेल्या बाईला पळवायचा प्रयत्न होतो, तेव्हा इंदूरकडे नजर जाणं वावगं नाही.

इथपर्यंतची गोष्ट शंभर वर्षं चघळली गेली. त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने 'कुलीन कांता' हा मूकपट काढला. पुढे पुस्तकं आली, लेख आले. दर वेळी प्रश्न एकच: हुकूम महाराजांनी दिला का? यालाच रहस्य म्हणायचं.

मला हे रहस्य रहस्य वाटत नाही. मला त्यातली दोन वाक्यं अडतात, आणि ती दोन्ही मुमताजच्या साक्षीशी जोडलेली आहेत.

पहिलं वाक्य 'दहा वर्षं.' हे निकालात सरळ येऊन जातं, हिशेबात धरल्यासारखं. १९२५ साली मुमताजने नुकतीच विशी ओलांडली होती. त्यातून दहा वजा करा. मी हे गणित गटात मांडलं तेव्हा बायका गप्प झाल्या. आपल्या गटातल्या प्रत्येकीच्या घरी त्या वयाची पोर आहे. त्याच १९२५ साली ब्रिटिश हद्दीत संमतिवयाचा कायदा बदलला: विवाहाबाहेर बाराचं चौदा केलं, विवाहात तेरा. विधिमंडळात त्यावर मोठी भाषणं झाली, धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. आणि त्याच साली मुंबईच्या न्यायालयात एक तरुण बाई उभी राहून आपली दहा वर्षं सांगत होती. दोन गोष्टींची सांगड कोणी घातली का? ब्रिटिश हद्दीतला कायदा संस्थानाला लागू नव्हता. शिवाय ती 'त्या' घरातली. आई वजीर बेगम, अमृतसरची. गाणं-नाचणं हा घरचा धंदा. अशा घरातल्या मुलीला बालपण असतं हेच मुळात धरलेलं नाही.

दुसरं वाक्य तिच्या तोंडचं. ती म्हणाली की इंदुरात तिच्यावर सतत पहारा होता, कोणी भेटायला आलं तर सोबत माणूस ठेवलेला असे. तिला मुलगी झाली. दायांनी ती मारली. त्यानंतर तिला इंदुरात राहायचं नव्हतं.

हेच ते दुसरं प्रेत. एका तान्ह्या मुलीचं.

ही साक्ष ज्या न्यायालयात दिली गेली तिथे बावलाच्या खुनाचा खटला चालू होता. म्हणून तान्हीचा मृत्यू तिथे आला तो पार्श्वभूमी म्हणून: ही बाई इंदूर सोडून का पळाली, तर या कारणाने. पळाली म्हणून माणसं मागे लागली, माणसं मागे लागली म्हणून बावला मेला. या साखळीत पोरीचा जीव ही पहिली कडी. तिचं काम तेवढंच. त्या पोरीसाठी म्हणून कोणत्याही न्यायालयात कधीही खटला उभा राहिला नाही.

कोणी म्हणेल, पुरावा कुठे होता? बाईचं सांगणं खरं कशावरून? बरोबर आहे. तिने सांगितलं ते सिद्ध झालेलं नाही, आणि मीही ते सिद्ध झालं असं म्हणत नाही. पण सिद्ध होणं आणि न होणं ही तपासानंतरची गोष्ट आहे. बावलासाठी मुंबईचे पोलीस कमिशनर केली यांनी सगळी यंत्रणा कामाला लावली. ही मुलगी कोणत्या दाईच्या हातात होती, त्या दाईला कोणी काय सांगितलं, दफन कुठे झालं, हे विचारायला एक शिपाई तरी गेला असता तर आज आपण पुराव्याची भाषा करू शकलो असतो. मुंबईच्या पोलिसांना तिथे जाता येत नव्हतं. इंदूर वेगळं राज्य होतं, तिथलं न्यायालय महाराजांचं, पोलीस महाराजांचे. म्हणजे तक्रार करायची तर ज्याच्या वाड्यात घडलं त्याच्याकडेच.

आणि दायांविषयी एक बोलायला हवं, कारण आपल्यातल्याही काहीजणी इथे घसरतात. बाईच बाईची वैरीण, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. वाड्यातली दाई म्हणजे पगारी बाई. ती स्वतःच्या मनाने राजाच्या पोरीचा गळा दाबत नाही. तिच्या मागे कोणाचा शब्द होता, शब्द होता का, की काही वेगळंच घडलं, हे तपासातूनच कळलं असतं. तपास नाही म्हणजे दोष तिच्या अंगावर कायमचा.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक पुढे येतात. त्या काळीही होते, आजही आहेत. त्यांचं म्हणणं असं की हे सगळं इंग्रजांचं कारस्थान. स्वाभिमानी मराठी राजाला खाली खेचायला त्यांना निमित्त हवं होतं, ते या नाचणारीने पुरवलं. मी म्हणते, असेल. इंग्रजांना संस्थानिकांवर वचक हवाच होता. पण मग त्यांनी केलं काय ते पाहा. महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ ला तुकोजीरावांनी मुलगा यशवंतराव याच्यासाठी गादी सोडली. चौकशी टळली. गादीचा प्रश्न सुटला, इंग्रजांचं काम झालं. चौकशी झाली असती तर कदाचित त्या मुलीचा विषय निघाला असता. इंग्रजांनाही तो काढायचा नव्हता आणि महाराजांनाही. देशी राजा आणि परदेशी सरकार यांचं या एका मुद्द्यावर एकमत झालं, आणि आपले देशभक्त लेखक अजून भांडतात की दोघांतला बरा कोण.

तुकोजीराव १९७८ पर्यंत जगले, पॅरिसमध्ये वारले. गादी सोडल्यावर दोन वर्षांनी, १९२८ साली, त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्याआधी तिला हिंदू करून घेण्याचा विधी झाला तो आमच्या नाशकात, शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने. नाव ठेवलं शर्मिष्ठादेवी. मला नॅन्सी मिलरबद्दल काही वाईट म्हणायचं नाही, ती आपल्या मर्जीने आली. पण परक्या बाईला शुद्ध कसं करून घ्यावं याचा एवढा खल झाला, आणि ज्या राजाने चौकशी नको म्हणून गादी सोडली त्याच्या शुद्धीचा प्रश्न गोदावरीच्या काठावर कोणाला सुचला नाही. पुरुषाला शुद्धी लागतच नाही.

आता मुमताजकडे वळू. ती पळाली कशी? प्रवासात. महाराजांच्या लवाजम्यासोबत मसुरीला नेत असताना ती दिल्ली स्टेशनवर उतरली आणि अमृतसरला आईच्या गावी गेली. घरात बंद असलेल्या बाईला प्रवास हीच एक फट सापडते, हे आपल्या आश्रयाला येणाऱ्या कितीतरी जणींच्या तोंडून आपण ऐकलं आहे: बाजाराला म्हणून निघाले, दवाखान्यात म्हणून निघाले, आणि परत गेलेच नाही. अमृतसरला तिने परत जावं म्हणून विनवण्या झाल्या. ती बधली नाही. मुंबईत येऊन बावलाच्या आश्रयाला राहिली.

तिला 'आश्रय' का घ्यावा लागला? हातात कला होती ना? इंदूरच्या दरबारात गाण्या-बजावण्याला मोठा मान होता. पुढे देशभर गाजलेले उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ त्याच दरबारात सारंगी आणि बीन वाजवत. मैफल संपली की शाहमीर खाँ आपल्या घरी जात. मुलाला शिकवत. मुलगा मोठा झाला, मुंबईला गेला, नाव काढलं. त्याच दरबारातल्या गाणारीला मैफल संपल्यावर घरी जायची मुभा नव्हती. कला तीच, धनी तोच, पण बाईच्या बाबतीत राजाने गाणं विकत घेतलं नव्हतं, गळ्यासकट बाई घेतली होती. म्हणून ती निघून गेली तेव्हा नोकर सोडून गेला असं कोणाला वाटलं नाही. माल चोरीला गेला असं वाटलं, आणि माल परत आणायला माणसं निघाली.

असं एकटीच्या बाबतीत झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. अलाहाबादच्या जानकीबाई ग्रामोफोनच्या पहिल्या मोठ्या गायिकांपैकी एक. तरुणपणी त्यांच्यावर सुऱ्याचे वार झाले, छप्पन घाव झाले असं सांगतात, आणि त्या वाचल्या. त्यावरून लोकांनी त्यांना नाव ठेवलं 'छप्पन छुरी'. आणि आपण आज ते नाव घेतो ते कौतुकाने, डोळा मिचकावून. बाईच्या अंगावरच्या जखमा मोजून त्याचा किताब केला. मारणाऱ्याला किताब नाही, त्याची आठवणही नाही.

आपल्या चळवळीलाही इथे उत्तर द्यावं लागेल, आणि ते मी टाळणार नाही. अशा बायकांचं काय करायचं, हा प्रश्न सुधारकांपुढे आला तेव्हा बहुतेक वेळा उत्तर एकच निघालं: गाणं बंद करा, नाच बंद करा, दारं बंद करा. १९४६ मध्ये सरदार पटेलांकडे नभोवाणी खातं असताना, ज्यांचं खाजगी आयुष्य बदनाम आहे अशा गायिकांना रेडिओवर घेऊ नये असं ठरलं. त्याच रेडिओवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पुरुषांचं खाजगी आयुष्य कोणी तपासायला गेलं नाही. २००५ साली महाराष्ट्राने डान्सबारमधल्या नाचावर बंदी आणली, पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली. म्हणजे नाच वाईट नव्हता, बघणारा गरीब असला की वाईट. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते कायम केलं. तोवर आठ वर्षं गेली होती. सुमारे पंचाहत्तर हजार बायकांचा रोजगार गेला असा आकडा त्या खटल्यात मांडला गेला. त्या वेळी आपल्या संघटनांमध्येही दोन तट होते. काही बंदीच्या बाजूने उभ्या राहिल्या, चांगल्या हेतूने. मला त्यांना आज एवढंच विचारायचं आहे की पंचाहत्तर हजार जणी कुठे गेल्या याची नोंद आपण ठेवली का?

बंदीने बाई सुरक्षित होत नाही. ती फक्त आणखी एका हद्दीबाहेर ढकलली जाते.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. आमच्या भागात जत्रांचा हंगाम आला की तमाशाचे फड येतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिकडे नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जाऊन सुपारी देतात आणि मग फड रोज नव्या गावात. संध्याकाळी ट्रक येतो, कनात उभी राहते, रात्रभर खेळ, पहाटे ट्रक पुढच्या गावाला. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: चालू खेळात कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट आपण त्यांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण पोट दिसत असताना तिला उभं कोणी केलं, आणि तिकीट काढून बसलेल्या शेकडो माणसांपैकी कोणाला आपण घरी जावं असं वाटलं नाही का, हे आपण विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी जत्रेच्याच दिवसांत एका फडातली मुलगी सकाळी आमच्याकडे आली. आदल्या रात्री शेजारच्या तालुक्यातल्या एका गावी खेळ संपल्यावर दोघे-तिघे कनातीत घुसले, तिला ओढलं, हात पिरगळला. दंड सुजला होता. आरडाओरडा झाला म्हणून सुटली. फडमालकाने समजूत घातली की गावाशी वैर नको, पुढच्या वर्षीची सुपारी जाईल. शिवाय तिने उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आम्ही दोघीजणी तिला घेऊन एका पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, गाव विचारलं आणि म्हणाला, "हे आमच्या हद्दीत नाही. तिकडे जा." तिकडे म्हणजे पस्तीस किलोमीटर. दुपारी फडाचा ट्रक निघणार होता, उलट्या दिशेला. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई." जाताना तिने एक गोष्ट विचारली. म्हणाली, "मी जर गावातली कोणाची सून असते, तर हेच म्हणाला असता का?"

मी तिला खोटं बोलले. म्हटलं, हो, सगळ्यांना असंच म्हणतात.

तेव्हा मला मुमताजचा खटला आठवला. मलबार हिलवरचा खून हद्दीत होता, इंदूरचा नव्हता. ज्या बाईचं पोट फिरतीवर आहे तिच्यावरचा प्रत्येक अत्याचार कुठल्या तरी हद्दीच्या पलीकडेच घडलेला असतो. घटना एका गावात, मालक दुसऱ्या गावचा, घर तिसऱ्या गावात, आणि ती स्वतः आज चौथ्या गावात. कायद्याला बाई एका जागी बसलेली लागते.

खरं म्हणजे कागदावर आता तसं राहिलेलं नाही, आणि हेच आपण फडाफडात जाऊन सांगायला हवं. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा आणि मग योग्य त्या ठाण्याकडे पाठवायचा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलं आहे. 'आमची हद्द नाही' हे उत्तर आता बेकायदा आहे. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची बलात्काराची फिर्याद खोटी ठरवण्याची मुभा पुरावा कायद्यात होती, ती २००२ च्या दुरुस्तीने गेली. आणि कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा घ्या. त्यात कामाची जागा म्हणजे चार भिंतींचं ऑफिस एवढंच नाही. कामासाठी जिथे जिथे जावं लागतं ती जागा, आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा. म्हणजे कनात कामाची जागा, ट्रकही कामाची जागा. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तक्रार घेऊन ती सात दिवसांत समितीकडे पोचवायला प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. फडाचा हंगाम त्याहून लांब चालतो. हंगाम संपवून, उचल फेडून, घरी येऊन बाई तक्रार द्यायला निघते तेव्हा मुदत गेलेली असते. समितीला मुदत वाढवता येते, आणखी तीन महिने, पण कारण लेखी पटलं पाहिजे. आपण त्या कारणाचे अर्ज लिहून द्यायला शिकलं पाहिजे.

मुंबईत १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा ताफा आला, मग दुसरे आले, गोव्याचे वादक त्यांच्याबरोबर वाजवू लागले. त्या संगीताच्या कथा आज पुन्हा लिहिल्या जात आहेत, त्यात खूनही येतील, रहस्यंही येतील. आमच्या गटातली ती मुलगी म्हणते की आपणही एखादी लिहू. जरूर लिही, मी म्हटलं, पण आक्कांनी विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात कर.

आमच्यापुरतं आम्ही असं ठरवलं आहे. गावाची यात्रा कमिटी फडाला सुपारी देते तेव्हा एक कागद होतो. रक्कम, तारीख, वीज कोणाची, जेवण कोणाचं, हे सगळं त्यात असतं. त्या कागदावर आणखी दोन ओळी घालून घ्यायच्या: कनातीच्या मागच्या बाजूला बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही आणि त्याला कमिटी जबाबदार, आणि तालुक्यातल्या तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव नि फोन. एका गावच्या कमिटीला हे बोलून दाखवलं तर हसले. म्हणाले, "ताई, ती लोकं तक्रार करत नाहीत." कमिटीत अकरा जण होते, बाई एकही नव्हती. चैत्रात पुन्हा जाणार आहोत, या वेळी गावातल्या बायकांना सोबत घेऊन.

तुमच्या तालुक्यात हा अधिकारी कोण आहे, नेमला तरी आहे का, हे पंचायत समितीत जाऊन विचारा आणि आम्हाला कळवा. तुमच्याकडे येणारे फड पुढे आमच्याकडे येतात.